वस्तादांचा लंगोट

हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सध्या फक्त चाला. जोर-बैठका मी सांगेन तेव्हाच." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. जाणत्या माणसाचं ऐकावं, हे मला सिन्नरच्या शाळेनं शिकवलं. त्याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे.

रोज सकाळी गोदाकाठी चालायला जाताना माझी जुनी तालीम लागायची. वस्ताद दारातूनच ओरडायचे, "काय साहेब, बाळंतपण उरकलं का? लंगोट घट्ट बांधला असता तर पोट फाडायची वेळ आली नसती!" आतले सगळे खिदळायचे. एके दिवशी मला ते सहन झालं नाही. जोर काढून दाखवायचेच, म्हणून आत जाऊन मी शर्ट काढला.

वस्ताद खूश झाले. "हे बघा," म्हणत त्यांनी स्वतःच्या जांघेतला लिंबाएवढा फुगवटा बोटांनी आत दाबला आणि त्यावर लंगोट करकचून आवळला. "लय वर्षं झाली. काय बिघडलंय माझं?"

वेदनेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते, तरी चेहऱ्यावर गुरूचा रुबाब होता. असल्या अडाणी माणसाच्या हसण्यापायी मी माझे टाके पणाला लावणार होतो! मी शर्ट घातला आणि चालायला निघालो.