दोन माणसांचा हलका तंबू

आमच्या प्रवासाची सुरुवात वाशीमच्या एका शिंप्याच्या दुकानात झाली आणि शेवटही तिथेच झाला. मधले जे काही घडले ते पैनगंगेच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात.

आमचे यजमान वाशीमच्या शाळेत मास्तर आहेत. मुंबई-पुण्याची माणसे पाठीवर बोजा बांधून डोंगरदऱ्या हिंडतात आणि रात्री स्वतःच्या तंबूत झोपतात, असे त्यांनी कुठेतरी वाचले. त्या दिवसापासून घरात तंबूशिवाय दुसरा विषय राहिला नाही. वाशीमहून पायी निघायचे, नदी ओलांडून गोरेगाव आणि हिंगोली करत औंढ्याच्या नागनाथाला पोचायचे, असा बेत ठरला. "कुणाच्या दारात पडायचं नाही, कुणावर ओझं व्हायचं नाही. आपलं घर आपल्या पाठीवर," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बरोबर मला नेणार होते. भाकरी कोणी तरी थापायला हवी होतीच.

शिंप्याने दोन कापडे पुढे टाकली, एक खाकी जीन आणि दुसरे पांढरे मांजरपाट. यजमानांनी दोन्ही तळहातांवर तोलून पाहिली.

"मास्तर, जीन घ्या," शिंपी म्हणाला. "जड पडन, पन पान्याले दाद देनार नाही."

"फाल्गुनात कुठलं पाणी?" असे म्हणून यजमानांनी मांजरपाट उचलले. निदान कापडाला जवसाचे तेल तरी चोळू, असे मी सुचवले. तेलाने वजन वाढते आणि वास येतो, असे उत्तर मिळाले. खांब म्हणून बांबूच्या दोन काठ्या घेतल्या. दिवसा हातात धरायच्या, संध्याकाळी त्यांवर तंबू ताणायचा. ही युक्ती खरेच चांगली होती, हे मी कबूल करते. मग माप घ्यायची वेळ आली. यजमान दुकानाच्या फळीवर सरळ आडवे झाले आणि शिंप्याने डोक्यापासून टाचेपर्यंत फीत लावली. मला काही भर बाजारात आडवे व्हायला सांगता येत नव्हते. "तिचं काय, ती बारीक आहे," यजमान पडल्यापडल्या म्हणाले, आणि शिंप्याने अंदाजाने चार बोटे कापड वाढवले. त्या तंबूत माझी जागा अशी होती.

निघालो त्या सकाळी हवा छान होती. पैनगंगेला घोट्याएवढे पाणी होते. जोडे हातात घेऊन आम्ही पार झालो. पलीकडे करोडगिरीचे नाके (जकातीची चौकी) लागले. तिथल्या शिपायाने माझे भांड्यांचे गाठोडे उलटेपालटे करून टाकले, आणि मग यजमानांच्या पाठीवरच्या बोज्याकडे बोट केले.

"ये क्या है?"

"तंबू."

"किसका?"

"हमारा."

शिपायाने यजमानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले, बोज्याची सुटलेली गाठ स्वतः बांधून दिली आणि सलाम केला. "पाहिलंस? किती अदबीचे लोक," यजमान म्हणाले. माझ्या भांड्यांना मात्र कोणी सलाम केला नव्हता. याचा अर्थ मला संध्याकाळी कळला.

वाट काळ्या रानातून होती. भेगाळलेल्या जमिनीवर कापलेली ज्वारी जागोजाग आडवी पडलेली होती, बांधांवर पळस पेटले होते, आणि करडईचे काटे लुगड्याला धरून ठेवत होते. मला ते रान फार आवडले. यजमानांच्या टाचेला मात्र नव्या कॅनव्हासच्या बुटाने फोड आणला, आणि गोरेगाव गाठायच्या ऐवजी आम्ही अलीकडच्या एका गावाबाहेर थांबलो. त्या गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना आमच्यामुळे जेवढे झाले तेवढे पुरे.

गावाबाहेर आमराई होती. जमीन सपाट, सावली दाट, जवळच विहीर. यजमानांनी तिथे तंबू ताणला. पांढराशुभ्र तंबू आंब्याखाली खरोखर देखणा दिसत होता. मी तीन दगडांची चूल मांडते तोच पाटील पाच-सहा माणसे घेऊन आले. एकाच्या हातात दुधाची चरवी, दुसऱ्याकडे अंडी, तिसऱ्याच्या डोक्यावर पीठ-डाळ, आणि चौथ्याच्या खांद्यावर कडब्याचा भारा.

"कडबा कशाला?" मी विचारले.

"सायेबाच्या घोड्याला," पाटील म्हणाले. त्यांनी आमराईभर नजर फिरवली. "घोडं मागून येऊन राहिलं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या मुलखात तंबू म्हणजे सरकार. दौऱ्यावरचा साहेब गावी आला की याच आमराईत उतरतो, आणि गावाने न सांगता शिधा आणून घालायचा, हा इथला रिवाज. वाटसरू धर्मशाळेत नाहीतर देवळात झोपतो. स्वतःचा तंबू घेऊन हिंडणारा माणूस साहेब नाही, हे त्या लोकांना कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

"आम्ही आपले साधे प्रवासी," यजमान म्हणाले. पण ते अशा सुरात म्हणाले की पाटील आणखी लवले. मोठी माणसेच असे म्हणतात. दूध ठेवून घेण्यात आले. आयत्या बिळावर नागोबा मी म्हणींतच ऐकला होता, त्या दिवशी आमच्या तंबूत पाहिला. वर मला कानात सांगण्यात आले, "परत केलं तर त्यांना वाईट वाटेल."

दिवे लागायच्या आत एक बाई आली. कडेवर लेकरू होते. पाटलांनी तिला मागे सारायला हात केला, पण ती थेट तंबूपुढे येऊन बसली.

"ही गयाबाई," पाटील म्हणाले. "हिचा नवरा गाडी घेऊन बिगारीला गेला हाय." (बिगार म्हणजे सरकारी कामाची फुकट राबणूक.)

"सायेब, दुसऱ्या सायेबाचे तंबू वाहाया नेलं त्याला," गयाबाई म्हणाली. "लई जड तंबू, चार गाड्या लागत्यात. आज सोडतो, उद्या सोडतो, करून राहिले. माजी ज्वारी कापून रानात पडली हाय. बैल न्हाईत, गाडी न्हाई, खळ्यावर आनू कशी? आन् आबाळ येऊन राहिलं." तिने पश्चिमेला हात केला. ढगाचा एक काळा पट्टा खरेच तिथे होता. "ते सायेब गोरेगावात उतरले हायेत. मी सकाळीच लेकरू घेऊन त्यांच्याकडं निघनार व्हते. पर तुमीच आलात. देवच पावला."

यजमानांनी दाढीवरून हात फिरवला. "बरं बरं. उद्या सोडायला सांगतो."

हे ऐकून माझा संताप झाला. मी चुलीजवळून उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गयाबाई, हे साहेब नाहीत. वाशीमच्या शाळेतले मास्तर आहेत. यांच्या सांगण्याने कोणी तुझे बैल सोडणार नाही. तू सकाळी गोरेगावला जा."

मग यजमान हसले. "आमच्या बाईसाहेबांना थट्टा करायची सवय आहे."

पाटील हसले. त्यांची माणसे हसली. आणि साहेबाची बायको कशी मोकळी आहे म्हणून गयाबाईही पदर तोंडाला लावून हसली. लेकराला खांद्यावर टाकून ती आनंदाने घरी गेली.

लोक गेल्यावर आमचे जे भांडण झाले ते इथे लिहीत नाही. यजमानांचे म्हणणे एवढेच होते: "तिला धीर आला ना? तुझं काय गेलं?"

सकाळ उजाडताच मी एकटी तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला पहिलेच घर. कडी लावलेली. शेजारीण म्हणाली, "ती पहाटंच रानात गेली जी. गाडी आली की लगेच भरता यावी म्हनून पेंढ्या बांधून राहिली." रान कुठे म्हणून विचारले, तर तिने ओढ्यापलीकडे दाखवले. मी तशीच त्या वाटेला लागले. ओढ्यापर्यंत पोचले असेन नसेन, वारा सुटला. आभाळ असे काळे झाले की पाखरे झाडांत शिरली, आणि पहिली गार माझ्या मनगटावर बसली.

मी आमराईकडे पळाले, कारण जवळ तेवढेच छप्पर होते. त्याला छप्पर म्हणावे तर. यजमान आत बसून दोन्ही हातांनी तंबूचा माथा वर धरत होते. जिथे हात लागे तिथून पाणी गळे, म्हणून ते हात दुसरीकडे नेत, आणि तिथून गळू लागे. गारांनी आंब्याचा मोहोर खाली आणला, मग एक काठी मोडली, आणि तो पांढराशुभ्र, तळहातावर तोललेला, हलका तंबू आमच्या अंगावर बसला. यजमानांच्या भाषेत आम्ही "गावाकडे निघालो". खरे म्हणजे डोक्यावर भांडी घेऊन धूम पळालो.

गावातले पहिले घर गयाबाईचे. ती नुकतीच रानातून आली होती, नखशिखान्त भिजलेली. आम्हाला पाहून तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, सायेब! लई तकलीफ झाली तुमची." तिने घरातली एकुलती कोरडी घोंगडी यजमानांच्या खांद्यावर घातली, चुलीपुढची जागा आम्हाला दिली, आणि स्वतः ओल्या लुगड्याने दारात उभी राहून रानाकडे पाहू लागली. पत्र्यावर गारा वाजत होत्या. लेकरू रडत होते.

"आज येतील न्हाई का ओ सायेब, आमचे धनी?" तिने बाहेर पाहतच विचारले.

यजमान टाच चोळत राहिले. मी तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरून सांगितले की, बाई, मी काल थट्टा केली नव्हती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग यजमानांकडे. मला वाटले, आता ही ओरडेल, हाकलून देईल. तसे झाले असते तर मला बरे वाटले असते.

"तुमी तर सांगतलं व्हतं बाई," ती हळू म्हणाली. "मीच हसले."

यजमानांच्या अंगावरची घोंगडी तिने परत मागितली नाही. मीच ती ओढून काढली आणि लेकराला गुंडाळले.

पाऊस थांबल्यावर तिच्याबरोबर रानात गेले. बांधलेल्या पेंढ्या चिखलात बसल्या होत्या, कणसे गारांनी झोडपली होती. जी थोडी वर राहिली होती ती आम्ही दोघींनी बांधावर रचली. आभाळ अजून मोकळे नव्हते, म्हणून मी आमराईतून तंबू आणून त्यांवर घातला. तो पुरला नाही. दोन माणसांना न पुरलेला तंबू ज्वारीला कसा पुरणार? एक कोपरा झाकला की दुसरा उघडा पडे. तरी मी तो तिथेच ठेवून आले. यजमान म्हणाले, "अगं, तंबू!" मी मागे वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी गोरेगावात खऱ्या साहेबाचा तळ दिसला. तो हलत होता. भिजून दुप्पट जड झालेले तंबू माणसे गाड्यांवर चढवत होती. मी विचारत विचारत गयाबाईच्या नवऱ्याला शोधले. उंच, वाळलेला माणूस बैलांच्या माना चोळत उभा होता.

"तुमची ज्वारी भिजली. बायको वाट पाहतेय. घरी जा," मी म्हणाले.

"सोडतील तवा जाईन," तो म्हणाला. त्याने एवढेच विचारले, "लेकरू बरं हाय ना?"

दहा पावलांवर साहेबाचा जमादार उभा होता. मी यजमानांना म्हटले, परवा सोडायला सांगणार होतात, आता दोन शब्द बोला. यजमान पुढे गेले, जमादाराला लवून नमस्कार केला, आणि हिंगोलीचा रस्ता कोणता म्हणून विचारले. गाड्या आमच्यासमोरून गेल्या. चिखलात चाकांचे चर खोल उमटले होते. हिंगोलीहून आम्ही मोटारीने घरी परतलो. नागनाथ राहिला.

ज्याच्या पाठीवर ओझे हलके असते त्याचे ओझे कोणी तरी वाहतच असते, एवढे मी या प्रवासात शिकले. औंढ्यापर्यंत गेले असते तर काही गोड शिकले असते, कोण जाणे.

चैत्रात एकदा बाजारातून येताना यजमान त्याच शिंप्याच्या दुकानात शिरले. मी भाजीची पिशवी घेऊन पायरीवर उभी राहिले. त्यांनी सगळी हकिकत रंगवून सांगितली: कडबा, घोडे, सलाम. "मला चक्क साहेब समजले हो!" शिंपी पोट धरून हसला. गयाबाई त्या हकिकतीत नव्हती.

"आता रेशमी करू," यजमान म्हणाले. "आणखी हलका. माप तेच, दोन माणसांचं."

शिंप्याने फीत उलगडली.

"एकाच माणसाचा शिवा," मी पायरीवरून म्हणाले. "आणखी हलका होईल."

शिंपी हसला. "तिला थट्टा करायची सवय आहे," यजमान म्हणाले.

मी हसले नाही. शिंप्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि माझ्यासाठी वाढवलेली चार बोटे फीत मागे घेतली.