काट्याच्या पोटातलं

“आणि तुझ्या तापमानाला रांगेत पहिलं उभं राहायला कोणी सांगितलं होतं?” दीर म्हणाला. सकाळपासून चाललेल्या भांडणातलं हे त्याचं हुकमी पान होतं आणि तो ते तिसऱ्यांदा टाकत होता.

वहिनीनं कांद्यांची पिशवी जवळ ओढली. जेवणाच्या टेबलावर दोघांच्या मधे, दुकानात असतो तसला वजनकाटा होता. ताटलीत काहीच नव्हतं आणि पडद्यावर एकोणतीस ग्रॅम दिसत होते. तिनं पिशवी ताटलीत ठेवली. एकोणतीस. पिशवी काढून चमचा ठेवला. एकोणतीस. मग तिनं आपला गरम चहाचा कप काट्याच्या बाजूला नुसता टेकवला, आणि पडदा हळूहळू तीस, एकतीस म्हणू लागला.

“चहा बाहेर आहे,” ती म्हणाली, “आणि चमचा जड होतोय.”

दोघंही काटे बनवणाऱ्या एकाच कंपनीत होते. दिराला तिनंच तिथे चिकटवलं होतं. तो आल्यावर आठवडाभरात अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं, पन्नाशीचा हिशेबनीससुद्धा. काट्यातल्या छोट्या संगणकाच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तिथे, वजन मोजणारं मोड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, तिचं होतं आणि ते पडद्यावर दाखवणारं मोड्यूल दिराचं. कर्नेलमध्ये भिंती नसतात. एका मोड्यूलनं दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हटलं तर अडवणारं कोणी नसतं, असते ती फक्त रीत.

रीत अशी की वजन हवं असेल तर विचारायचं. दिरानं कधी विचारलं नाही. तिच्या मोड्यूलचा सगळा ऐवज एका स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे ओळीनं लावलेल्या कप्प्यांत असे, आणि कुठल्या कप्प्यात काय ते एका हेडर फाइलमध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं होतं. सारखं सारखं तिच्याकडे काय बघायचं, म्हणून दिरानं ती फाइल आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली होती. पहिल्या कप्प्यात वजन, एवढं त्याला पुरेसं होतं. तो थेट जाऊन उचलून आणायचा.

या महिन्यात वहिनीनं तापमानाचा नवा कप्पा केला आणि तो सगळ्यांत पुढे लावला. उन्हात काटा किंचित जास्त दाखवायचा, ते तिला दुरुस्त करायचं होतं. दीर जुन्या सवयीनं पहिला कप्पा उघडत राहिला, आणि सापडलेलं तापमान इमानेइतबारे ग्रॅममध्ये दाखवत राहिला. शून्याचं बटण दाबलं की तो तिथेच परस्पर शून्य लिहायचा. त्यामुळे काट्याला क्षणभर आपण बर्फात आहोत असं वाटायचं.

हे उघडकीला आलं ते सासूबाईंमुळे. त्या दिरासाठी स्वेटर विणत होत्या. दोन बाह्यांना लोकर सारखी हवी म्हणून त्यांनी गुंडे तपासायला घरी आणलेल्या या काट्यावर ठेवून पाहिले. दोन्ही अगदी बरोबर भरले. यंत्राचं कौतुक करत त्यांनी विणायला घेतलं, आणि दुसऱ्या बाहीची लोकर कोपरापाशीच संपली. आता ते अर्धवट प्रकरण खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं होतं आणि दीर तिकडे पाठ करून बसला होता.

“नवी कॉपी घेतो ना मी तुझ्या फाइलची,” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं काम. त्यासाठी एवढी साडेसाती कशाला?”

वहिनीनं विचारलं की पुढच्या महिन्यात ती वजन ठेवायची पद्धतच बदलणार आहे, तेव्हा काय? तेव्हा परत घेईन, तो म्हणाला. मग तिनं बिल छापणाऱ्या मोड्यूलवाल्याचं नाव काढलं. कालपासून त्याच्या बिलावरही तापमान येत होतं. त्याला फाइल कोणी दिली?

दिरानं बिस्किट चहात बुडवलं. त्याला मागितली म्हणून दिली, असं त्यानं बिस्किटालाच सांगितलं. बिलवाल्यानं पुढे आणखी कोणाला दिली का, हे त्याला माहीत नव्हतं.

वहिनीचे वडील काटे दुरुस्त करायचे. बाजारात त्यांची एवढीशी टपरी होती, आत एक स्टूल आणि वजनांचे डबे. काटा नीट झाला की झाकण लावायचं आणि तपासनिसाकडून वर शिशाचं सील मारून घ्यायचं. गिऱ्हाईक म्हणे, जरा आतला स्क्रू मीच फिरवला असता, तेवढ्यासाठी तुमच्याकडे खेप कशाला? वडील त्याला चहा पाजत, गप्पा मारत, आणि स्क्रूला हात लावू देत नसत. ज्यानं त्यानं आत बोट घातलं तर काटा कोणाचाच राहत नाही, असं ते म्हणत. वहिनी तेव्हा शाळेतून येऊन त्या स्टुलावर अभ्यास करायची. संगणकाचं शिक्षण घेतल्यावर तिला बऱ्या बऱ्या नोकऱ्या आल्या होत्या. तिनं काट्यांचीच घेतली, आणि लग्नात सगळे हसले.

इतक्यात साहेबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. सोमवारी मोठ्या दुकानांची माणसं नवा काटा बघायला येणार. महिन्यापूर्वी सगळं ठीक होतं, तेव्हा तापमान काढून टाका आणि होतं तसं करा. शिवाय दिराला कायम करायचं की नाही ते त्याच दिवशी पडदा बघून ठरायचं होतं, याची त्यांनी मुद्दाम आठवण करून दिली.

“बघते,” वहिनी म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचं बघते म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आता दिराचा सूर खाली आला. त्याला उद्याच्या एका रविवारात चार ठिकाणी कोड बदलावा लागेल, कुठे अडकलं तर सोमवारी पडदा काळा, आणि नोकरी गेली की तो दिवसभर हिच्याच डोळ्यांसमोर बसणार, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. तापमान काढलं तर भर दुपारी भाजी घेणाऱ्याला दरवेळी थोडी कमीच भाजी मिळेल, असं तिनं त्याला समजावून सांगितलं. थोडीशीच ना, तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

“पण वहिनी, आपण एका घरातले. माझ्यापासून काय लपवायचं?”

“घरातला आहेस म्हणूनच. परका असतास तर विचारून आला असतास.”

सासूबाई हसल्या आणि हसल्याची भरपाई म्हणून धाकट्याची बाजू घेऊ लागल्या. नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा आणि या दोघांच्या भांडणात सहसा पडत नसे. आज मात्र तो वर्तमानपत्रातून म्हणाला, “मी दिवसभर लोकांच्या आतलंच बघतो. हात घालत नाही.”

दिरानं भावाकडे फितुराकडे बघावं तसं पाहिलं. मग काटा स्वतःकडे ओढला, शून्याचं बटण दाबलं, आकडा शून्य होऊन परत तीसवर येताना पाहिला. पुन्हा दाबलं. विचारायचं म्हणजे नेमकं कसं विचारायचं, हे त्यानं पडद्याकडे बघतच, पुटपुटल्यासारखं विचारलं.

वहिनीनं कप उचलून मोरीत ठेवला, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

“तापमान राहणार. स्ट्रक्चर आज माझ्या आतल्या फाइलमध्ये जातंय. हेडरमध्ये त्याचं नुसतं नाव राहील, आतलं काही नाही. ते कुठे ठेवलंय तो पत्ताही मी बाहेर देणार नाही, म्हणजे तो पत्ता शोधणारी कोणाची जुनी मोड्यूल्स लोडच होणार नाहीत, सुरूच होणार नाहीत. वजन हवं तर मागायचं, शून्य हवं तर सांगायचं. दोन्हींची फंक्शन्स मी लिहून ठेवली आहेत. साहेबांना आत्ता कळवते. उद्या दिवसभर हे टेबल आम्हां दोघांना लागणार आहे. बाकीच्यांनी ताटं घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचं.”