जयाबाईंच्या घरचं एक मत

शहापुरात जयाबाईंच्या गल्लीत हातमाग उरला होता तो एकच, त्यांचा. वायफायही एकच, तेही त्यांचंच. मुलगा ओमकारनं ते आपल्या कामासाठी घेतलं, पण जयाबाईंनी सार्वजनिक नळासारखं चालवलं. पासवर्ड ओमकार विसरला तर गल्लीत कुणालाही विचारून घ्यायचा.

यंदा मात्र गिऱ्हाईक आटलं आणि दिवाळीनंतर माग मोडायचं ठरलं. जयाबाईंचं जेवण कमी झालं. तेवढ्यात बेळगावातल्या एका साडी दुकानानं स्पर्धा लावली. विणकर बायकांच्या साड्यांचे फोटो बघून लोकांनी फोनवर मतं द्यायची. जिंकेल तिला वर्षभराचं काम. जयाबाई जिंकल्या तर माग राहणार होता.

मताच्या दिवशी गल्ली त्यांच्या दारात जमली. शेजारचे नागोजी आपल्या फोनचा नेट लावायला लागले तशा त्या ओरडल्या, "अण्णा, तुमचा नेट कशाला जाळताय? आमच्या वायफायवर घाला की!" नागोजींनी तर चप्पल काढून मत दिलं. फोनवरच्या स्पर्धेच्या पानानं मतागणिक प्रत्येकाचे आभार मानले.

निकाल लागला. पिरनवाडीची बेबी थोडक्यात जिंकली.

"आमची मतं गेली कुठं?" नागोजी उसळले. सून रचनानं दुकानात फोन केला आणि खाली मान घालून आली.

"आत्ती, भिंतीवरचा वायफायचा डबा प्रत्येक फोनला वेगळा नंबर देतो, पण तो घरापुरता. भाईर जाताना सगळे फोन कंपनीनं दिलेल्या एकाच नंबरानं जातात. दुकानाला वाटलं, एकच माणूस पुन्हा पुन्हा मत घालतोय. त्यांनी पहिलं तेवढं धरलं."

"म्हंजे आख्ख्या गल्लीचं एक?"

"व्हय."

"एक तरी पडलं म्हणायचं," नागोजी म्हणाले. "पहिलं कुणी घातलं?"

जयाबाई पदर चाचपत राहिल्या. "मी. सकाळी. बेबीला."

ओमकार बघतच राहिला. "आई! आपलं सोडून?"

"तिचा काठ माझ्यापेक्षा साफ हाय रं. आणि एकटी बाई, तिला कोण घालणार? मला तुमी सगळी हुताच की."

नागोजी नाक शिंकरायच्या निमित्तानं कोपऱ्यावर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

दिवाळी सरली. माग मोडायला सुतार आला, तेव्हा जयाबाईंनी त्याला हातोडी खाली ठेवायला लावली.

"मोडू नगंस. खुट्ट्या काढून सुटा कर. बेबीला एका मागावर वर्साचं काम झेपायचं न्हाय."

टेंपो भरला. ओमकार पुढं बसला, तशा त्या दाराशी आल्या.

"धोटा डावीकडनं जरा अडकतो. तिला सांग, हिसडा मारायचा न्हाय, हळूच ढकलायचा."

"सांगतो."

"इसरशील."

मग त्या स्वतःच चढून त्याच्याशेजारी बसल्या.