टेबलावरचं रुखवत

परवा ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि भाचीने काढलेला तो फोटो आठवला बघा. पालघरला फॅशन शिकत होती ती. परीक्षेसाठी जुन्या एका नटीचा थाट, नटी न दाखवता, नुसत्या वस्तूंतून फोटोत दाखवायचा होता. पहिला फोटो शिकवणाऱ्या बाईंनी “ओकाबोका वाटतो” म्हणून परत केलेला, दुसराही परत आला असता तर वर्ष बुडालं असतं. पोर रडकुंडीला आली. “मावशी, घरात असेल ते सगळं काढ.” मग काय, आमच्या सफाळ्याच्या ओटीवर टेबल मांडलं. ट्रंकेतला माझा अंजिरी शालू, मोठा काळा चष्मा, मोत्यांच्या माळा, पावडरचा डबा, टाचांच्या चपला, परसातला सोनचाफा, सगळं एकावर एक रचलं. तेवढ्यात शेजारीण डोकावली. “रुखवत मांडलंस? पोरीचं जमलं नि आमाला सांगितलं पन नाय?” आम्ही तोंड उघडायच्या आत घरून नारळ आणून, हळदकुंकू लावून तिने मधोमध ठेवलासुद्धा. मी उचलायला गेले, तर भाची म्हणाली, “राहू दे मावशी, याचीच उणीव होती.” फोटो बाईंना आवडला, पोर पास झाली. यंदा तिचं खरंच लग्न झालं, तेव्हा रुखवतात आम्ही तेवढा तो फोटो मांडला. शेजारीण त्याच्यापुढे उभी राहून येईल त्याला सांगत होती, “मी तवाच बोलली व्हती.”