पासकाका आणि एका हाताने उठणारी माणसं

जावई काय करतात, असं कुणी विचारलं की पासकाकांच्या सासूबाई एक उसासा टाकून म्हणत, "बसतात." ऐकणाऱ्याला वाटे, बिचाऱ्याची नोकरी गेली. तो हळहळून मान हलवू लागला की सासूबाई वाक्य पुरं करत, "आणि त्याचा पगार घेतात."

यात खोटं काहीच नव्हतं. पासकाका खुर्च्यांच्या कारखान्यात बसायचं काम करत. तिथे खुर्चीला पाय जोडणारे होते, पाठ जोडणारे होते, फोम कापणारे होते, कापड ताणून ठोकणारे होते. ही सगळी मंडळी हात झटकून मोकळी झाली की खुर्ची काकांच्या खोलीत येई आणि काका तिच्यावर बसत. आधी अलगद, मग धपकन. मग डावीकडे कलून, उजवीकडे कलून, शेवटी मागे रेलून डोळे मिटून. नव्या माणसाला वाटे, काकांना डुलकी लागली. प्रत्यक्षात ते कान टवकारून असत. खुर्चीने एवढंसं 'कुई' केलं तरी तिची आल्या पावली परत पाठवणी. नाही केलं, तर काका "पास!" म्हणून दोन्ही हातांवर रेटा देत उठत आणि खुर्ची उलटी करून तिच्या बुडाला हिरवी टिकली चिकटवत. नाव त्यावरूनच पडलं होतं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं, आणि ती कुणाशी बोलत नसे.

देह मात्र या कामासाठी मापं घेऊन घडवल्यासारखा. काका जिन्यावर असले की बाकीचे खाली थांबत. मान देण्यासाठी नव्हे, जागा नसे म्हणून. "काकांना पेललं तर जगाला पेलेल," असं जुने मालक म्हणायचे. कारखान्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावत होतं. जुने मालक गेले, त्यांची लेक मालकीणबाई होऊन त्यांच्या जागी आली, तिने भिंतींचे रंग बदलले, मशीन बदलल्या, पण काकांना हात लावला नाही. हात लावून हलण्यातले ते नव्हतेच.

कामाचा हा अभिमान काका घरीदारी मिरवत. पाहुणे म्हणून कुठे गेले की पाण्याच्या आधी खुर्ची दाबून बघत. यजमान ओशाळत, काकू डोळे वटारत, आणि काका पुटपुटत, "मागचा डावा पाय ढिला आहे. सांभाळून हं."

मग ती मोठी ऑर्डर आली. एका नव्या दवाखान्यात पेशंट वाट बघत बसतात त्या सगळ्या खोल्यांसाठी खुर्च्या हव्या होत्या. कामाअभावी एक विभाग बंद करायची कुजबुज चालू होती, ती एका दिवसात थांबली. डिझायनरने तर कमाल केली. खुर्चीचे हात त्याने दोन्ही बाजूंना असे ऐटीत बाहेर वळवले, की फुलाच्या पाकळ्या उमलाव्यात. मालकीणबाई खूश, दवाखाना खूश. काका एकेका खुर्चीवर बसले. सगळ्या गप्प. "पास, पास, पास" म्हणून घसा बसला. सोमवारी सकाळी ट्रक निघायचा होता.

शनिवारी दुपारी हॅलोताई काकांच्या खोलीत आली. ती कारखान्याचे फोन घ्यायची. आवाज इतका गोड की भांडायला फोन केलेला माणूस शेवटी तिच्याच तब्येतीची चौकशी करून फोन ठेवी. लहानपणापासून तिचा डावा पाय दुबळा होता. कुणी कीव करू लागलं की ती म्हणे, "पाय अधू आहे, जीभ शाबूत आहे. दाखवू?" मग कुणी बघायला थांबत नसे.

"काका, दवाखान्याचा फोन होता. सोमवारचं नक्की का, विचारतायत," म्हणत ती समोरच्या नव्या खुर्चीवर टेकली.

"सांग, काळ्या दगडावरची रेघ."

"सांगते." ती नेहमीसारखी उठायला गेली. उजव्या हाताने खुर्चीचा हात धरला, सगळा भार त्यावर टाकला, आणि खुर्ची उजवीकडे भुईला भेटायला निघाली. हॅलोताई शेजारच्या फोमच्या ढिगात पडली.

काका धावले. हे दृश्य कारखान्यात यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. धावले आणि त्यांनी आधी खुर्ची उचलली.

"काही झालेलं नाही," ते तिचे सांधे तपासत म्हणाले.

"काका! मी इकडे आहे!"

"अगं हो." काकांनी तिला हात दिला. "लागलं का? तू उठलीस वाकडी. असं एका हातावर कुणी उठतं का?"

"मी उठते."

"माणसाने कसं दोन्ही हातांवर उठावं."

"बरं. मग दवाखान्यात तशी पाटी लावा," केसांतला फोमचा चुरा झटकत हॅलोताई म्हणाली. "हातपाय धड असणाऱ्यांनीच बसावे. मग तिथे येणार कोण, डॉक्टर?"

ती गेली. काका त्या खुर्चीवर बसले आणि एका हातावर उठायचा प्रयत्न करू लागले. पण देह ऐकेना. दोन्ही पाय आपलं काम आधीच उरकून टाकत, आणि काकांचा भार असा काही पसरलेला, की खुर्ची जमिनीत रुजल्यासारखी उभी. "पास," काका म्हणाले. पण त्यात दम नव्हता.

संध्याकाळी ती खुर्ची काकांबरोबर घरी आली.

"अहो, आता घरीसुद्धा बसायचं?" काकूंनी दारातच विचारलं.

"मला नाही. आईंना बसवायचंय."

सासूबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या, त्या डावं मनगट मोडल्यापासून. मनगट जुळलं, पण त्यावर भार द्यायची हिंमत काही परत आली नाही. वजन म्हणाल तर पंखा मोठा केला की घरच्यांचा जीव वर-खाली व्हावा, इतपत. त्या खुर्चीत बसल्या, इकडेतिकडे हात फिरवला.

"छान आहे हो. कुणाची मागून आणलीत?"

"आई, आता उठा बघू."

"आत्ताच बसवलंत ना? बसवायचं आणि उठवायचं. लग्नातही तुमच्याकडच्यांनी आम्हाला असंच नाचवलं होतं."

असं म्हणत त्यांनी उजव्या हातावर भार दिला, आणि खुर्ची कलली. काका तयारीत उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरून सासूबाईंना वरच्या वर झेललं. खुर्ची आडवी, सासूबाई जावयाच्या कुशीत, आणि स्वयंपाकघराच्या दारात काकू पळी घेऊन अवाक.

"सोडा आता," सासूबाई म्हणाल्या. पदर सारखा करून त्यांनी आडव्या खुर्चीकडे पाहिलं. "ही कुणासाठी केलीय?"

"दवाखान्यासाठी."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. लग्नापासून आजपर्यंत असं घडलं नव्हतं. टोमण्यांची काकांना सवय होती. या गप्प बसण्याची नव्हती.

जेवताना ते काकूंना म्हणाले, "सांगितलं तर ऑर्डर हातची जाईल. किती जणांचं काम आहे त्यावर! आणि मालकीणबाई विचारतील, काका, इतकी वर्षं तुम्ही नेमकं काय केलंत?"

"आणि नाही सांगितलं तर?"

काका सासूबाईंच्या मनगटाकडे बघत राहिले. त्यांनी ते जपून मांडीवर ठेवलं होतं.

"मग मला कशाला विचारताय?" काकू म्हणाल्या. "चांगला शर्ट इस्त्री करून ठेवते."

सोमवारी काका पोचले तेव्हा ट्रकचा मागचा फाळका उघडलेला होता आणि अर्ध्याअधिक खुर्च्या आत चढल्या होत्या. ते थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले. खांद्यावर खुर्ची, कपाळावर घाम.

"बाई, मी पास केलेल्या खुर्च्या नापास करायच्या आहेत."

"किती?"

"सगळ्या."

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. काका तेवढेच दिसत होते.

"काका, ट्रक दारात उभा आहे. तुम्ही स्वतः बसलात ना यांच्यावर?"

"तिथेच घोळ झाला. मीच बसलो."

"म्हणजे?"

"तुम्ही बसा. आता डावा पाय उचला. डावा हात मांडीवर ठेवा. त्याला विसरा. आणि उठा."

मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर वैताग स्पष्ट होता. पण उठता उठता तो कुठच्या कुठे गेला, कारण त्याही भुईकडे निघाल्या होत्या. काकांनी त्यांना खांद्याला धरलं. झेलण्यात आता त्यांचा हात चांगला बसला होता.

"हात बाहेर वळवलेत," काका म्हणाले. "भार एकाच हातावर आला, की तो पायांच्या बाहेर पडतो. मी दोन्हीकडे सारखा दाबतो, म्हणून मला कळलं नाही. शनिवारी हॅलोताई पडली. मी तिलाच म्हटलं, तू वाकडी उठलीस."

मालकीणबाईंनी खिडकीतून ट्रककडे पाहिलं. त्या ट्रकमध्ये कारखान्याचे पुढचे कित्येक महिने भरलेले होते, हे काकांनाही कळत होतं.

"माफी मागितलीत तिची?"

"अजून नाही."

"मग बोलवा तिला. दवाखान्याला फोनही तीच लावेल."

हॅलोताई आली. काकांनी घसा साफ केला. "ताई, तू वाकडी नव्हतीस उठली. खुर्ची वाकडी होती."

"आणि तुम्ही?"

"मीही."

"बरं," हॅलोताईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पास."

फोन लागला. मालकीणबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. खुर्च्या पडतात. चूक आमची. दुरुस्त करून देऊ, उशीर होईल. ऑर्डर रद्द केलीत तर आम्ही समजू शकतो. काकांनी भिंतीला हात टेकला. भिंत पक्की आहे की नाही हे न तपासता, आयुष्यात पहिल्यांदा.

"कुणी पडलं का?" दवाखान्याच्या खरेदी विभागातल्या बाईंनी विचारलं.

"हो. आमच्या टेलिफोनवरच्या ताई. फोमवर पडल्या म्हणून निभावलं."

"आमच्याकडे पडायला फोम नाही हो, फरशी आहे," त्या बाई म्हणाल्या. "नीट करूनच पाठवा. तोवर जुने बाक आहेत. दिसायला भिकार आहेत, पण जागचे हलत नाहीत. आणि हे बघा, आधी सांगितलंत, बरं केलंत. पडल्यावर सांगणारे पुष्कळ भेटतात."

काकांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की टेबलावरचे कागद उडाले आणि हॅलोताई ते गोळा करत हसत सुटली. मालकीणबाईही हसल्या. मग खिडकीतून ओरडल्या, "उतरवा रे सगळ्या!" खाली हमालांनी जे काही म्हटलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

खुर्च्यांचे हात काढून आत घेण्यात आले, पाय थोडे बाहेर फाकवण्यात आले. डिझायनर एक दिवस रुसून बसला, कशावर बसला ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने नवी आखणी घेऊन आला.

काकांची खरी धाकधूक मात्र अजून बाकी होती. मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, "काका, यापुढे हे काम तुमच्या एकट्याकडे नको."

संपलं, काकांना वाटलं. आता गेटवर बसवणार. तिथे तर स्टूल आहे.

"तुम्ही बसलात की आपण समजायचो, सगळं जग बसलं," मालकीणबाई पुढे म्हणाल्या. "बाबाही तसंच समजायचे. पण जग काय एका मापाचं आहे? मला बारीक माणसं हवीत, म्हातारी हवीत, ताडमाड, बुटकी, एका हाताने उठणारी. पॅकिंगमधल्या त्या बाईला सातवा महिना आहे, तिलाही विचारा, बसते का."

"आणि माझं काय?"

"तुमच्याएवढा दुसरा माणूस मी कुठून आणू?"

काका खोलीतून बाहेर आले आणि जिना एकदा खाली उतरून उगाचच पुन्हा वर चढून आले. दोन्ही वेळा लोक थांबले.

मग काकांच्या खोलीत जी बैठक भरू लागली, ती काय वर्णावी! उंच वॉचमन बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागत. पॅकिंगवाली बसली की उठायला कंटाळा करी. हॅलोताई फोन वाजला की उठे आणि परत येऊन पुन्हा पहिल्यापासून बसे. आणि सासूबाई! त्यांना रीतसर कामावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी पंख्याचा वेग, खोलीतला उजेड आणि जावयाचा शर्ट नापास केला. मग दुरुस्त केलेल्या खुर्चीत त्या बसल्या, उजव्या हातावर सगळा भार देऊन उठल्या. काका हात पसरून शेजारी उभे होते. खुर्ची तसूभर हलली नाही.

"बरी आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक काकूंनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं.

खुर्च्या दवाखान्यात पोचल्या. त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी काका कुणाला न सांगता तिथे गेले आणि खांबाला टेकून उभे राहिले. एक आजोबा बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर निजल्यासारखा पडलेला. आतून त्यांना हाक आली. त्यांनी उजव्या हाताने खुर्चीचा हात धरला. काकांचे हात झेलायला आपोआप पसरले. आजोबांनी भार टाकला, थरथरले, उभे राहिले आणि काठी सावरत आत गेले. खुर्चीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. कशाला बघतील? काकांनी डोळे पुसले, आणि कुणी बघितलं का, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

नर्सने बघितलं होतं. ती जवळ आली. "काका, बरं वाटत नाहीये का? उभे का तुम्ही? बसा ना, एवढ्या खुर्च्या आहेत."

"नको," काका म्हणाले. "आज माझी सुट्टी आहे."