ताकदीची सुई

थोरलीच्या हातची इस्त्री म्हणजे बाहीच्या कडेवर भाजी चिरावी! लाँड्री सासऱ्यांची, पण इस्त्रीचं टेबल तिचं; दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. आणि गिऱ्हाइकं कौतुक कुणाचं करणार? गल्ल्यावर बसून पावत्या फाडणाऱ्या धाकट्या जावेचं.

"वहिनी, चेहरा काय खुललाय हो तुमचा!"

खुलणारच. धाकटीच्या रक्तात बी-बारा कमी निघालं होतं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. पांढरीफटक पोर माणसात आली, एवढंच. पण थोरलीच्या पोटात दुखलं. "सुया टोचून रूप येत असतं तर टाचण्यांची उशी सगळ्यांत देखणी असती," असं चारचौघांत म्हणाली आणि गुपचूप कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडून तीच लाल सुई घेऊन आली.

रूप आलं नाही. दंडावर लाल, खाजरा चट्टा मात्र आला. बाईसाहेबांना वाटलं, ताकद लागू पडतेय! पुढची सुई टोचली, तशा मानेपासून मनगटापर्यंत गांधी उठल्या. एका गिऱ्हाइकानं तिच्या हातातून शर्ट ओढून घेतला. सासरे म्हणाले, "आधी डॉक्टरांकडे जा. धाकटे, तूही जा सोबत."

डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेतलंत?"

"छे! औषध आजारी माणसं घेतात." हे तिला अगदी खोटंही वाटलं नाही. ताकदीची सुई म्हणजे काय औषध?

"मग ही साबणाची नाहीतर खळीची ॲलर्जी असणार. लाँड्रीचं काम सोडावं लागेल."

तेवढ्यात धाकटी मायेनं म्हणाली, "काळजी नको, ताई. इस्त्री मी बघेन."

झालं! हे ऐकून गप्प बसेल ती थोरली कसली?

"सुई घेतली मी! तुझीच, लाल! बघा डॉक्टर, दंडावर आधी उठलं!"

डॉक्टरांनी दंड पाहिला आणि कपाळाला हात लावला. इंजेक्शन कायमचं बंद, खाजेला गोळी, चट्ट्याला मलम. "ओठ सुजले, दम लागला, तर थेट दवाखान्यात यायचं. आणि रक्त तपासल्याशिवाय सुया टोचायला कुणी सांगितलं?"

"मग हिला कशी चालते?" थोरलीनं धाकटीकडे बोट केलं.

"त्यांना गरज आहे. आणि त्यांच्या अंगाला सोसते."

म्हणजे सुईही सोसायची ती धाकटीलाच!

"मला विचारायचं तरी, ताई," बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली.

"तू सगळ्या लाँड्रीला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतंच! टाचण्यांची उशी म्हणालात ना मला?"

गांधी बसेपर्यंत थोरली घरी धुमसत राहिली. चट्टा फिका पडल्यावर लाँड्रीत शिरली ती थेट टेबलापाशी. धाकटीनं घडी केलेला वरचाच शर्ट उचलला. कॉलरला ही भलीमोठी चुणी! ती पाहून थोरलीच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं, ते कुठल्या सुईच्या बापाला जमलं नसतं.

"सरक," ती म्हणाली, आणि शर्टावर पाणी शिंपडलं.