सगळ्यांचे श्वास अठरा

आजऱ्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग खिडकीतून आत ढकलली आणि म्हणाले, "न्हाई जमलं तर सरळ परत ये." आई रडत होती. मी मात्र खुशीत होते. नर्सिंगला वर्गात पहिली आलेली, भाईंदरला नोकरी लागलेली. रडायचं कशाला?

भाईंदर पूर्वेच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये महिन्याभरात माझी जीभ बदलली. पेशंटशी हिंदी, त्यांच्या बायकांशी मोडकंतोडकं गुजराती, आणि मराठी फक्त प्रमिला सिस्टरांशी. त्या इथल्याच मोरवा गावच्या, आमच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांचं मराठीही आधी मला परकंच वाटलं. यंत्रं असताना ही बाई पेशंटचा हात धरून काय बसते, असं मनात यायचं. शिष्टपणा अंगात मुरलेला होता माझ्या.

सकाळच्या राउंडला व्हायटल्स घ्यायचे. ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, हे यंत्र सांगतं. श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो, आणि तेवढं मिनिट कुणाकडे असतं? आम्ही नव्या पोरी बिनदिक्कत अठरा लिहून मोकळ्या व्हायचो. नॉर्मल आकडा, कोणी विचारत नाही.

त्या सकाळी प्रमिला सिस्टरांनी विचारलं. "आठ पेशंट, आठांचे अठरा? सगली एका तालावर श्वास घेतान काय गो?"

त्या थेट शहाकाकांकडे गेल्या. काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ताप नाही, ऑक्सिजन ठीक, विचारलं तर म्हणाले, "मजामां." सिस्टरांनी नाडी बघायची म्हणून मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. कुणाला असं करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"तीस," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "डॉक्टरला फोन लाव. तू न मोजता लिवलंस, ते पन तूच सांग."

मी सांगितलं. डॉक्टर चिडले, पण लगेच आले. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती. काकांना आयसीयूत हलवलं. मी चार्टवर व्हाइटनर लावायला निघाले, तर सिस्टरांनी हात धरला. चुकलेलं खोडायचं ते एकाच रेघेनं, खालचा आकडा वाचता येईल असं; शेजारी खरा आकडा आणि आपली सही. मी माझ्या अठरावर रेघ मारली. इतकी लाज मला आजवर कशाची वाटलेली नाही.

रूमवर जाऊन मी बॅग भरली. काकांना काही झालं तर इथे तोंड दाखवायची हिंमत नव्हती. आई-बाबा, तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ये म्हणाला असता आणि मी आले असते. सकाळी बॅग घेऊनच राजीनामा द्यायला गेले. ड्युटीच्या यादीत सिस्टरांच्या अक्षरात माझं नाव होतं, त्याच वॉर्डात.

"पलालीस तर शिकशील कवा?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. त्या बाईसारखं काम आपल्याला जमावं, एवढंच मला तेव्हापासून हवंय.

पाचव्या दिवशी काका वॉर्डात परत आले. मी त्यांचं मनगट धरलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. अठरा. विश्वास बसेना, पुन्हा मोजलं, मग लिहिलं.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतेस. दिवाळीत येणार आहे. पण खरं सांगते, आणि गाव सोडलेल्या माझ्या मैत्रिणींना हे पटेल. तिकडे तुम्ही माझी चूक पोटात घातली असती. इथे ती माझ्याच तोंडून वदवून घेतली, आणि तरी दुसऱ्या सकाळी मला कामावर धरलं होतं. त्या सकाळपासून मी भाईंदरलाही घर म्हणते.